दर नळामागे २१ रुपये ४३ पैसे

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीला पत्र दिलं. रेघी कागद, डावीकडे समास, शेवटी ‘आपली विश्वासू’ आणि सहीखाली पूर्ण नाव. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय त्या ऑफिसच्या दारातून हलल्या नाहीत. मजकूर चार ओळींचा. त्यांच्या सदनिकेतल्या नऊ नळांपैकी दोन नळ त्यांनी प्लंबर बोलावून, प्लग मारून कायमचे बंद करून घेतले आहेत. कमिटीने केव्हाही येऊन पाहणी करावी. आणि पुढच्या महिन्यापासून त्यांची पाण्याची आकारणी सात नळांप्रमाणे करावी. सेक्रेटरींनी बैठकीत ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळे हसले. मीही हसले. कोणीतरी म्हणालं, आता काकू गच्चीवर जात नाहीत म्हणून गच्चीच्या डांबराचे पैसे वजा करायला सांगतील. मग चहा आला आणि विषय कबुतरांच्या जाळीकडे वळला. पत्र मात्र माझ्या फाइलला लागलं, कारण सोसायटीची खजिनदार मी आहे आणि महिन्याची आकारणी मीच काढते.

आमची इमारत मुलुंडची, ऐंशीच्या दशकातली, चार मजली, २८ घरांची. मुंबईतल्या बहुतेक जुन्या सोसायट्यांसारखा आमचाही पाण्याचा मीटर एकच, गेटाजवळच्या चेंबरमध्ये, लोखंडी झाकणाखाली. पालिकेचं पाणी त्यातून खालच्या टाकीत पडतं, पंपानं गच्चीवर चढतं आणि तिथून घराघरांत उतरतं. मीटरला इमारत कळते, घर कळत नाही. मग येणारं बिल घरांत वाटायचं कसं? काही सोसायट्या सरळ सगळ्यांना सारखं वाटतात. आम्ही उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे जातो, आणि आदर्श उपविधीत रीत दिलेली आहे ती अशी, की प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि त्यांचा आकार बघायचा. घरात माणसं किती, पाणी किती सांडतं, याच्याशी तिला कर्तव्य नाही. आमच्याकडे सगळ्या घरांचे मिळून नळ होते २५२. बिल महिन्याला सरासरी ५,४०० रुपये. त्यात पाण्याचा दर हजार लिटरला सहा-साडेसहा रुपये आणि त्यावर ७० टक्के मलनिस्सारण आकार, म्हणजे पाणी आत आल्याचे पैसे आणि तेच बाहेर गेल्याचेही. ५,४०० भागिले २५२, एका नळाला २१ रुपये ४३ पैसे. काकूंचे नऊ नळांचे होत होते १९३ रुपये. आता सात नळ, म्हणजे महिन्याला वाचणार बेचाळीस. प्लंबरनं त्या कामाचे पाचशे घेतले होते. वर्ष उलटल्यावर काकूंचा फायदा सुरू होणार.

काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर.

पाहणीला मीच गेले. दुसऱ्या बाथरूममध्ये आता नीट बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, एक जुनी सूटकेस होती आणि जिथे शॉवरखालचा नळ होता तिथे पितळी प्लग, त्याच्या कडेनं टेफ्लॉन टेपचं पांढरं टोक बाहेर आलेलं. काका होते तोवर ते बाथरूम त्यांचं होतं. बाल्कनीतल्या बेसिनमध्ये काकूंनी गवती चहाची कुंडी ठेवली होती. मी म्हटलं, काकू, बेचाळीस रुपयांसाठी एवढं? त्यांना माझं बोलणं आवडलं नसावं. म्हणाल्या, “पैशाचं नाही गं. मला सकाळी दोन बादल्या आणि संध्याकाळी एक, एवढंच पाणी लागतं. वरच्यांकडे सहा माणसं. त्यांचे नळ नऊ आणि माझेही नऊ. तुमचा हिशोब नळांचाच असेल ना, मग नळ तरी खरे दाखवते.” मग त्यांनी मला कोकम सरबत दिलं. पेला धुऊन ठेवताना नळ करंगळीएवढ्या धारेवर सोडला, तोही जेमतेम.

जिना उतरताना मला त्या वाक्याचं उत्तर सापडेना. कारण तेच. वाटणी करताना आपण पाणी सोडून बाकी काहीही मोजतो.

सोलापुरात माझ्या लहानपणी आमच्या घराला अर्धा इंची जोडणी होती आणि वर्षाची ठोक पाणीपट्टी. शेजारी पाऊण इंची, त्यांची पट्टी जास्त. म्हणजे तिथे पाइपाची जाडी मोजली जायची. त्या पाइपातून रोज पाणी येतं, का दिवसाआड, का चार दिवसांआड, याच्याशी पट्टीचा संबंध नव्हता. उन्हाळ्यात पाणी सुटायचं ते अपरात्री. आधी नळाला नुसता वारा यायचा, घशातून खरखर काढल्यासारखा, मग दोन-तीन उचक्या, मग गंजाचं तांबूस पाणी, आणि बऱ्याच वेळानं स्वच्छ धार. ती पहिली खरखर आईला झोपेतही ऐकू यायची. आम्ही भावंडं उठायचो तोवर तिनं फडकं बांधून हौदात पाणी लावलेलं असायचं आणि स्वयंपाकघरातली पिंपं, घागरी, तपेली, कळशी, शेवटी शेवटी तांबे आणि वाट्यासुद्धा ओळीनं मांडलेल्या असायच्या. गल्लीत कुणीतरी लाइनीला थेट मोटर लावायचं, की पुढच्या घरांची धार बारीक व्हायची. मग दारं उघडायची, बायका पदर खोचून बाहेर यायच्या आणि त्या अपरात्री एकमेकींची खानदानं काढली जायची. सकाळी त्याच बायका एकमेकींकडे विरजण मागायला जायच्या. पाणीपट्टीची पावती वडील कपाटात जपून ठेवायचे. आईची झोप कुठल्या पट्टीत धरायची, ते कुणी विचारलं नाही. तिनंही नाही.

त्यातली एक गोष्ट मला तेव्हा अगदी सरळ वाटायची आणि आता बुचकळ्यात टाकते. चार दिवस आम्ही हौदातलं पाणी पुरवून पुरवून वापरायचो. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला. आणि नवं पाणी सुटलं की आई हौदात उरलेलं सगळं ‘शिळं’ म्हणून अंगणात ओतून द्यायची. गल्लीतल्या सगळ्याच घरांत हे चालायचं. पाण्यावरून भांडण झालेल्या त्याच गल्लीतून थोड्या वेळानं शिळ्या पाण्याचे ओघळ वाहत जायचे. पाणी कमी असलं की माणसं काटकसर करतात असं आपण म्हणतो, ते निम्मंच खरं. कधी येईल याचा भरवसा नसला की ती आधी साठवतात आणि मग फेकतात.

हे माझ्या लक्षात आलं ते आत्याकडे. आत्या राहते कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात. तीसेक हजार वस्तीच्या त्या गावानं २००९ च्या सुमाराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं चोवीस तास पाणी आणि प्रत्येक घराला मीटर, असं दोन्ही एकदम केलं. पाणी कोयनेचं. मीटर असे, की वाचायला माणूस घरात शिरत नाही. रस्त्यावरूनच हातातल्या यंत्रावर आकडा घेऊन पुढे जातो. जास्त वापराल तसा दर चढत जातो. बाहेरून अधिकारी, नगरसेवक, विद्यार्थी हे बघायला यायचे आणि आत्याच्या यजमानांना त्याचा फार अभिमान. मी गेले तेव्हा त्यांनी मला आधी घर नाही, मीटरच दाखवला. आत्यानं मला दाखवलं ते वेगळंच होतं. न्हाणीघरातला हौद तिनं फोडून टाकला होता आणि तिथे कपड्यांचं यंत्र ठेवलं होतं. प्लास्टिकची पिंपं भंगारवाल्याला दिली होती. मध्यरात्रीसुद्धा नळ फिरवला तर पाणी आहे, हे माहीत असलं की साठवायचं कशाला आणि शिळं म्हणून ओतायचं तरी काय? मीटर बसल्यावर गावाचा वापर उतरला, असं यजमान सांगत होते. मला ते लगेच पटलं, माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीतले ओघळ होते.

पण त्याच मुक्कामात दुसरंही काही बघितलं. माझी मुलगी तेव्हा लहान होती आणि शॉवरखालून बाहेर येईना. यजमान दिवाणखान्यात पेपर वाचत होते. बोलले काहीच नाहीत. पान उलटायचं मात्र थांबले होते. पलीकडे पाण्याचा आवाज चालू होता आणि ते ऐकत होते. आत्या मला डोळ्यांनीच म्हणाली, असू दे. संध्याकाळी ते वहीत आकडा टिपून घेताना मला दिसले. मला राग आला आणि पाठोपाठ वाटलं, यात रागावण्यासारखं काय आहे? विजेचा दिवा विनाकारण जळत असला तर आपणही उठून बंद करतोच. तरी पाण्याचं काहीतरी निराळं आहे. दारात आलेल्या अनोळखी माणसालाही आपण आधी पाणी विचारतो. त्या पाण्याला आकडा चिकटला की विचारणाऱ्याच्या आवाजात काही बदलतं का? मलकापुरात बदललेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. आत्याकडे आजही कुरिअरवाल्याला गूळ-पाणी मिळतं.

पुण्यात भावाच्या सोसायटीत आणखी तिसराच प्रकार. तिथे समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसले. ही तीच योजना, जिच्यासाठी पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये रोखे काढून बाजारातून २०० कोटी उभे केले. मी गेले तेव्हा मीटरचे आकडे फिरत होते आणि पाणीपट्टी अजून मिळकतकराच्या बिलातच, घराच्या करपात्र मूल्यावर लागून येत होती. म्हणजे तिथे घराची किंमत मोजायची. भाऊ म्हणाला, “मीटर आहे म्हणून आम्ही जपून वापरतो, आणि मीटरवर बिल नाही म्हणून भीत नाही. याच्यापेक्षा उत्तम काय?”

आमच्याकडे घरटी मीटर बसवावेत असं मीच कमिटीत सुचवलं. प्लंबर आला, गच्चीवर गेला, खाली आला आणि हसला. जुन्या इमारतीत घराला पाण्याची एक वाट नसते. गच्चीवरच्या टाकीतून डाउनटेक पाइप उतरतात ते स्वयंपाकघराचा वेगळा, बाथरूमचा वेगळा, संडासाचा वेगळा, आणि आमच्याकडे बाल्कनीच्या बेसिनचाही वेगळा. एका घराला चार मीटर. २८ घरांना ११२. शिवाय वरच्या मजल्यावर धार आधीच बारीक. टाकी डोक्यावर चार हातांवर, दाब येणार कुठून? त्यात मीटर घातला की आणखी बारीक. नाहीतर सगळं पाइपिंग उखडून प्रत्येक घराला एकच लाइन द्यायची, म्हणजे २८ बाथरूमच्या टाइल्स फुटणार. त्यानं कच्चा खर्च सांगितला. महिन्याला ५,४०० रुपयांची वाटणी नीट व्हावी म्हणून जेवढा खर्च येणार होता, तेवढ्यात आमची कित्येक वर्षांची पाण्याची बिलं भागली असती.

मग माणशी आकारणी करू, असा विषय निघाला. मला त्यावरून विलासराव साळुंखे आठवले. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात त्यांनी पाणी पंचायत उभी केली, तिचा पाया हाच होता. पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, मग तुमची शेती पन्नास एकर असो. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी स्वतः भरायचा. जमिनीच्या तुकड्यावरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो त्या मुलखात हे माणसांनी मान्य केलं, चालवलं. आम्हाला मात्र २८ घरांतली डोकी मोजता येईनात.

बैठकीत जे झालं ते असं. चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, माझा नातू दोन वर्षांचा आहे, त्याला पूर्ण माणूस धरणार का? कुणी म्हणालं, अर्धा धरा. तळमजल्यावरच्या काकांनी हरकत घेतली, दोन वर्षांच्या मुलाचे कपडे धुवायला मोठ्या माणसाच्या दुप्पट पाणी लागतं. ज्यांच्याकडे तीन मुलं भाड्यानं राहतात, ते म्हणाले, ती सकाळी जातात ती रात्रीच येतात, ऑफिसात आंघोळ सोडून सगळं उरकतात. दुसऱ्या मजल्यावरची सून डबे करून देते, तिच्या ओट्यावर दिवसभर नळ चालू असतो, पण घरात माणसं तीनच. तळमजल्यावरचे काका रोज पाइप लावून गाडी धुतात. गाडीला माणूस धरायचं का, असं डबेवालीच्या सासूनं विचारलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. आणि मग मूळ प्रश्न आला, तोही बायकांकडून. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, की एक माणूस वाढलं की दोन? बाळंतिणीचं पाणी मोजणारी सोसायटी म्हणून आपलं नाव होईल, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच संपला. मुंबईच्या दरातही माणशी हिशोब आहेच. रोज माणशी दीडशे लिटरपर्यंत साधा दर, त्यापुढे दुप्पट, तिप्पट, चौपट. पण हे टप्पे इमारतीला लागतात, घराला नाही. काकूंनी न वापरलेलं पाणी काकांच्या गाडीवर पडतं, सरासरी नेमस्त निघते आणि चौपट दराची झळ कुणालाच लागत नाही.

खरं सांगायचं तर या सगळ्यात भांडण्याजोगे पैसेच नाहीत. घरटी महिन्याला दोनशे रुपयांच्या आत पाणी, दारात, पिण्याजोगं. फलाटावर चौदा रुपयांना लिटरभर पाण्याची बाटली मिळते. नुसत्या पाण्याचा दर धरला तर तेवढ्यात पालिका दोन हजार लिटरांहून जास्त देते. मुंबईला रोज साधारण ३९० कोटी लिटर पाणी मिळतं. त्यातलं विहार आणि तुळशीचं थोडंसंच शहरातलं. बाकी तानसा, मोडक सागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, भातसा, सगळं शंभर-शंभर किलोमीटरवरून. १८९२ साली तानसाचं पाणी आलं ते उतारानं, आपल्या पायानं. भातसाचं मात्र पिसे इथे पंपांनी उचलावं लागतं आणि पांजरापूरला शुद्ध करून पाठवावं लागतं, आणि सातही तलावांच्या साठ्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. म्हणजे वीज आहे, तुरटी आहे, क्लोरीन आहे, पहाटे वॉर्डात फिरून व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला आहे. एवढं करून हजार लिटरला सहा-साडेसहा रुपये. हे पाणी स्वस्त आहे, की त्याची किंमत दुसरीकडे कुठे भरली जाते, असा विचार मनात येतो तेव्हा मला आमच्या गेटावर बसणारी बाई दिसते.

ती आटगावहून लोकलनं येते. पावसाळ्याआधी करवंदं, जांभळं. पावसाच्या सुरुवातीला शेवळं. श्रावणात रानभाज्या, कंटोळी. दुपारी टोपली रिकामी झाली की वॉचमनच्या नळावर दोन बाटल्या भरून घेते आणि गाडी पकडते. तिला एकदा विचारलं, तुमच्याकडे तर तानसा आहे ना? म्हणाली, “हाय ना. धरण हाय. पाड्यावर टँकर येतो.” शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा, आणि दर उन्हाळ्यात तिथल्या गावापाड्यांवर टँकर, हे दरवर्षी पेपरात छापून येतं आणि दरवर्षी आपण ते वाचतो. तिच्या तोंडून ऐकताना त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आमच्या वॉचमनला काही सभासदांनी बजावलं होतं, बाहेरच्यांना नळावर पाणी भरू द्यायचं नाही. वॉचमनच्या नळाला वेगळा आकार नाही, त्याचं पाणी सगळ्यांच्या बिलात वाटलं जातं. तिच्या दोन बाटल्यांचा हिशोब मी करून बघितला. लिटर-लिटरच्या धरल्या तर दोन पैशांच्या आसपास.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा हिशोब अगदी उलटा आहे. त्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतात. तिथे वरच्या बाजूला जोडणी नाही. खालच्या कुणाच्या तरी नळावरून पाणी विकत घ्यायचं, पस्तीस लिटरच्या कॅनला पाच रुपये, आणि वर चढवायचं ते वेगळं. हजार लिटरला १४० रुपयांच्या वर जातं. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, की झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही. तरी ताई अजून कॅनच मोजतात. आमच्या इमारतीत मीटर नको म्हणून भांडण, ताईंना विचारलं तर त्या म्हणतात, “मीटर द्या की. मीटर म्हणजे निदान नळ तर येईल.” हे असं मला सुचलं नसतं. आपल्याला मीटर म्हणजे पाळत वाटते. त्यांच्या दृष्टीनं मीटर म्हणजे नाव नोंदलं जाणं, पावती मिळणं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला. भूजलाच्या परवान्यांवरून केंद्रीय नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली म्हणून. चारपाच दिवसांत पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याचा आदेश काढावा लागला, मग संप मिटला. आमच्या समोरच्या नव्या टॉवरला त्या दिवसांत प्रथमच कळलं, की त्यांचं किती पाणी टँकरचं आहे. तिथल्या एका मैत्रिणीनं मला सांगितलं, त्यांच्याकडे घराघरांत मीटर आहेत, अ‍ॅपवर लिटर दिसतात, आणि संपाच्या आठवड्यात सगळे एकमेकांचे लिटर विचारत होते.

तर काकूंचं पत्र आम्ही मान्य केलं. नाकारायला आधारच नव्हता. त्याचा परिणाम असा झाला, की पुढच्या दोन महिन्यांत माझ्याकडे आणखी अर्जांची रीघ लागली. बाल्कनीतलं बेसिन, संडासातला जादा नळ, यंत्रासाठी काढून ठेवलेला पण कधीच न वापरलेला पॉइंट, सगळीकडे प्लग बसले. प्लंबरची दिवाळी झाली. नळ २५२ वरून २२७ वर आले. पालिकेचं बिल? तेच, ५,४००. एक थेंबही पाणी कमी झालेलं नव्हतं, कारण जे नळ बंद झाले त्यांतून पाणी कधी वाहतच नव्हतं. म्हणून एका नळाचा दर चढून २३ रुपये ७९ पैसे झाला. काकूंचं बिल १९३ वरून १५१ वर उतरलं होतं, ते पुन्हा १६७ झालं. त्यांना मी हे समजावून सांगितलं. त्या बँकेतल्याच, लगेच समजल्या आणि जरा हिरमुसल्या. “म्हणजे सगळ्यांनी शहाणपणा केला की कुणाचाच फायदा नाही.”

मला वाटतं शहराचंही थोडंफार असंच आहे. धरण, जलवाहिन्या, बोगदे, माणसांचे पगार, हा खर्च तुम्ही नळ उघडा की बंद ठेवा, व्हायचाच. पाणी वाचवलं म्हणून तो उतरत नाही. फार तर पुढचं धरण लांबतं. आणि पुढचं धरण येऊ घातलंच आहे. वाडा तालुक्यातला गारगाई प्रकल्प, रोज ४४ कोटी लिटरचा, त्यात सहा गावं आणि तानसा अभयारण्याचं जंगल. शिवाय मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प, २० कोटी लिटरचा, वाढवून ४० कोटीपर्यंत नेण्याजोगा. खारं पाणी गोडं करायला लागणारी वीज सहा-साडेसहा रुपयांत बसणारी नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि सहा गावांचं काय धरायचं? मी माझ्या आकारणीच्या तक्त्यात रकाने बघत बसले. ‘पाणी आकार’, ‘मलनिस्सारण’, ‘पंपाची वीज’, ‘टाकी सफाई’. विस्थापितांसाठी रकाना पाडायचा म्हटलं तरी भागायचं कशानं, नळांच्या संख्येनं की माणसांच्या?

वार्षिक सभेत पाण्याचा विषय पुन्हा आला. मी थोडं लांबण लावून सगळं सांगितलं, भातसापासून मनोरीपर्यंत. आटगावच्या बाईच्या दोन बाटल्यांचंही सांगितलं आणि वॉचमनला दिलेली ती ताकीद मागे घ्या म्हटलं. ते हरकतीशिवाय मंजूर झालं, बहुधा लोक कंटाळले होते म्हणून. घरटी मीटरचा विषय पाइपिंग बदलायची वेळ येईल तेव्हापर्यंत पुढे ढकलला. आकारणी सध्या नळांवरच. तळमजल्यावरचे काका हात वर करून म्हणाले, “ते सगळं ठीक आहे हो. पुढच्या वर्षी मेंटेनन्स वाढणार का, तेवढं सांगा.”

वाढणार, असं मी सांगितलं.